दिवा लुकलुकतो, पण ढोलकी वाजत नाही

"मामा, पॅडवर काडी मारतो तं हिरवा दिवा लुकलुकते, पण ढोलकी काही वाजत नाई."

भाच्याचा हा फोन ऐन कार्तिकात आला. वडसा-देसाईगंजच्या पलीकडे त्याचं गाव. मागच्या खोलीत एक लॅपटॉप, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, एका वादकाकडून घेतलेला जुना ऑक्टोपॅड (काडीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि दोन स्पीकर, एवढा त्याचा स्टुडिओ. गावच्या भजन मंडळाची गाणी तो त्यावर बसवतो. हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना लागणारं संगीतही करून देतो. केबल लावलेली होती, सॉफ्टवेअर चालू होतं, ढोलकीचं प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन, उघडलेलं होतं. माउसने क्लिक केलं की ढोलकी वाजतही होती. फक्त पॅडवर मारलं की गप्प.

असा फोन मला बऱ्याच पोरांचा येतो. कधी ढोलकी वाजत नाही, कधी एक पट्टी दाबली की तीन वाद्यं एकदम वाजतात, कधी बासरी थांबतच नाही. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, मिडीचं राउटिंग. म्हणजे कीबोर्डमधून निघालेला निरोप कोणत्या वाटेने कोणत्या वाद्याकडे जातो, ते. फोनवर "हे बटण दाब, ते बटण दाब" म्हणून काम भागतं, पण वाट समजलेली नसली की पोरगा पुढच्या गाण्याला पुन्हा तिथेच अडकतो. म्हणून आज ती वाटच सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. मिडी म्हणजे आवाज नाही.

झाडीपट्टीचं नाटक ज्याने पाहिलंय त्याला हे समजायला वेळ लागत नाही. संहिता घेऊन बसलेला प्रॉम्प्टर आठवा. तो वाक्य पुरवतो, नट ते आपल्या आवाजात म्हणतो. प्रेक्षकाला प्रॉम्प्टर ऐकू येत नाही, नट ऐकू येतो. तेच वाक्य नायकाला पुरवलं तर एक परिणाम, खलनायकाला पुरवलं तर दुसरा. मिडी हा प्रॉम्प्टर आहे. "मधला सा वाजव, एवढ्या जोरात वाजव, आता सोड," इतकंच तो सांगतो. तो सूर पेटीच्या आवाजात निघेल की सारंगीच्या, हे निरोप कोणाच्या कानात पडला त्यावर ठरतं. हे कान म्हणजेच आपले व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट, म्हणजे लॅपटॉपमधली वाद्यं.

आपल्याकडच्या घरात याचा फार मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल कुणी पुरेसं बोलत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. कूलर बंद करून खोलीत बसणं शक्य नसतं. बाहेर ट्रॅक्टर, शेजारी पिठाची चक्की, दारात कुत्री. माइकने काही रेकॉर्ड करायचं तर रात्री दोनची वाट पाहावी लागते. मिडीला यातलं काहीच ऐकू येत नाही. कूलर पुऱ्या वेगात चालू ठेवून भर दुपारी तुम्ही पेटी वाजवा, रेकॉर्डिंगमध्ये फक्त पट्ट्या दाबल्याची नोंद होते. शिवाय ती नोंद इतकी हलकी असते की पाच मिनिटांच्या गाण्याची मिडी फाइल सहसा काही किलोबाइटमध्ये मावते. तेच गाणं सीडीच्या दर्जाच्या ऑडिओत मिनिटाला सुमारे १० एमबी खातं. गावात नेटची एकच दांडी येत असली तरी मिडी फाइल जाते.

निरोपाची ही भाषा ठरली १९८३ साली. त्याआधी एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सहसा बोलू शकत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला. त्या वर्षीच्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या व्यापारी प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले. एकावर वाजवलं, दुसऱ्यावरही वाजलं. २०१३ मध्ये या दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळाला. मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं ते असं, की वडस्याजवळच्या खोलीतला जुना ऑक्टोपॅड आज नवीन लॅपटॉपशी बोलतो ते चाळीस वर्षांपूर्वी ठरलेल्या त्याच भाषेत.

आता एक निरोप फोडून पाहू. तुम्ही मधल्या सप्तकाची पांढरी एक दाबली. कीबोर्डमधून तीन आकडे निघतात: १४४, ६०, १००.

शेवटचा १०० म्हणजे किती जोरात दाबली. हा आकडा ० ते १२७ मधला असतो. मधला ६० म्हणजे कोणती पट्टी. पांढरी एक ६०, काळी एक ६१, पांढरी दोन ६२, असं एकेक पट्टीने वाढत जातं. इथे पट्टीचं इंग्रजी नाव धरून चालू नका, कारण याच ६० नंबरला काही कंपन्या सी-थ्री म्हणतात आणि काही सी-फोर. आकडा कधी दगा देत नाही.

पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. १४४ म्हणजे "सूर सुरू कर, चॅनेल १". १४५ असता तर "सूर सुरू कर, चॅनेल २". असं १५९ पर्यंत, एकूण १६ चॅनेल. म्हणजे निरोप कोणासाठी आहे तो पत्ता निरोपातच लिहिलेला असतो. टपालाच्या थैलीत सोळा घरांची पत्रं एकत्र येतात, जो तो आपल्या नावाचं उचलतो, तसं. वाद्याच्या सेटिंगमध्येही तो कोणत्या चॅनेलचे निरोप ऐकणार ते ठरवलेलं असतं. "सगळे ऐक" असंही ठेवता येतं, त्याला ऑम्नी म्हणतात.

भाच्याची ढोलकी इथेच अडकली होती. ऑक्टोपॅडसारखी तालवाद्यं बहुधा चॅनेल १० वर बोलतात. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचा जो ठराव झाला त्यात तालवाद्यांसाठी १० नंबर राखून ठेवला गेला. भाच्याच्या सॅम्पलरमधली (खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या प्लगइनमधली) ढोलकी मात्र चॅनेल १ वर कान देऊन बसलेली. ट्रॅकपर्यंत निरोप पोचत होता म्हणून हिरवा दिवा लुकलुकत होता. वाद्य म्हणत होतं, हे पत्र माझं नाही. ढोलकीचा चॅनेल १ चा १० केला आणि ती वाजली.

हिरवा दिवा फक्त एवढंच सांगतो की निरोप या ठिकाणी आला. पुढे तो कोणी ऐकला का, याची साक्ष तो देत नाही. अडचण शोधताना मी प्रत्येक वळणावर तीनच गोष्टी विचारतो: निरोप कुठून आला, कुठे चालला, आणि कोणत्या नंबरवर?

तलाव, पाट आणि बांधी

सॉफ्टवेअरच्या आत निरोप कसा वाहतो ते समजायला मला मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी फार उपयोगी पडतं. पूर्व विदर्भातला धान ज्याने केलाय त्याला माहीत आहे. तलावातून पाट निघतो, पाटातून पाणी पहिल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, येतं, ती भरली की बांधाला पाडलेल्या खांडीतून खालच्या बांधीत उतरतं. वरचा बांध बुजवला की खालची बांधी कोरडी.

सॉफ्टवेअरमधला ट्रॅक म्हणजे अशी बांध्यांची उतरंड. ट्रॅकवर एकाखाली एक प्लगइन लावलेले असतात आणि निरोप वरून खाली उतरतो. सगळ्यात वर सूर बदलणारं प्लगइन, त्याखाली आर्पेजिएटर (धरलेले सूर एकामागून एक वाजवणारं प्लगइन), सगळ्यात खाली वाद्य. निरोप वाद्यात शिरेपर्यंत मिडी असतो, वाद्यातून बाहेर पडतो तो आवाज होऊन. ही सीमारेषा नीट ओळखायची. वाद्याच्या वर मिडीचे प्लगइन, वाद्याच्या खाली आवाजाचे, म्हणजे रिव्हर्ब, इक्यू वगैरे. आर्पेजिएटर चुकून वाद्याच्या खाली लावला तर वाद्याला साधाच सूर मिळतो आणि आर्पेजिएटर बिनकामाचा पडून राहतो. याच एका चुकीपायी "प्लगइन खराब आहे" म्हणत ते काढून टाकणारे मी पाहिले आहेत.

पाण्याची उपमा एका जागी मात्र सोडून द्यावी लागते. पाटाचे दोन फाटे केले तर पाणी निम्मं निम्मं होतं. मिडीचे दोन फाटे केले तर दोन्हीकडे पूर्ण निरोप जातो, कारण त्याची प्रत निघते. एका पट्टीवर चार वाद्यं लावली तरी प्रत्येकाला १०० चा जोर शंभरच मिळतो. म्हणूनच वाद्यं जोडत गेलं की आवाज वाढत जातो आणि मास्टरचा दिवा लाल होतो.

आता प्रत्यक्ष काम. भाचा रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. मीही शिकणाऱ्याला तेच सुचवतो, कारण साध्या लॅपटॉपवर हलकं चालतं, ६० दिवस फुकट वापरून बघता येतं आणि राउटिंग लपवून ठेवत नाही. एबलटन लाइव्हमध्ये हेच काम ट्रॅकवरच्या "मिडी फ्रॉम" आणि "मिडी टू" या दोन खिडक्यांतून होतं. क्यूबेसमध्ये मिडी ट्रॅकचं आउटपुट निवडून होतं. नावं निराळी, पाट तोच.

गाणं होतं खंजिरी भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी खंजिरी आपल्या विदर्भाच्या कानात अशी बसली आहे की भजन म्हटलं की तीच आधी ऐकू येते. भाच्याला कीबोर्डवरून पेटी आणि तिच्यामागे हलकी सारंगी एकदम वाजवायची होती, ऑक्टोपॅडवरून ढोलकी आणि खंजिरी, आणि मागे तानपुरा.

कीबोर्डसाठी एक रिकामा ट्रॅक घेतला. त्यावर कोणतंच वाद्य नाही. त्याचं इनपुट "सगळी मिडी उपकरणं" असं न ठेवता फक्त कीबोर्ड निवडलं. रेकॉर्डचं लाल बटण आणि मॉनिटरचं बटण चालू केलं. मग पेटीचा ट्रॅक वेगळा, सारंगीचा वेगळा. कीबोर्डच्या ट्रॅकवरचं राउटिंगचं बटण धरून माउसने ओढत पेटीच्या ट्रॅकवर सोडलं की सेंड, म्हणजे निरोपाचा फाटा, तयार होतो. उघडलेल्या खिडकीत ऑडिओच्या जागी "नन" निवडायचं आणि मिडी "ऑल टू ऑल" ठेवायचं. तसाच दुसरा सेंड सारंगीकडे. झालं. पेटी आणि सारंगीच्या ट्रॅकचं लाल बटण बंदच ठेवायचं, त्यांना निरोप सेंडमधून येतो आहे. तेही चालू केलं आणि त्यांचं इनपुटही कीबोर्डच असलं तर एक निरोप दोन वाटांनी पोचतो आणि प्रत्येक सूर दोनदा वाजतो. आवाज विचित्र जाड, थोडा पोकळ येतो. असं ऐकू आलं की समजा, निरोप दोन पाटांनी येतोय.

रिकामा ट्रॅक कशाला, असं भाच्याने विचारलं. त्याचं कारण असं की रेकॉर्ड होणारी नोंद त्या ट्रॅकवर राहते, म्हणजे मूळ वादन एका जागी, कोरं. उद्या सारंगी नको, बासरी हवी वाटली तर वाद्य बदलायचं, वादन पुन्हा करायचं नाही. मंडळातले काका एकदाच बसून इतकं सुंदर वाजवून गेलेले असतात. धान कापणीच्या दिवसांत त्यांना पुन्हा कोण बोलावणार?

पेटी वाकत नाही

पेटी आणि सारंगी एकत्र वाजू लागली आणि नवीनच घोळ दिसला. भाच्याने मींड घेण्यासाठी कीबोर्डचं पिच बेंडचं चाक फिरवलं. सारंगी छान घसरत गेली, पण तिच्याबरोबर पेटीही घसरली. पेटीचा सूर घसरणं हे कानाला सहनच होत नाही, कारण खरी पेटी कधी घसरत नाही. तिच्या पत्तीचा सूर ठरलेला असतो.

असं का झालं? सुराचा निरोप एकेका पट्टीचा असतो, पण पिच बेंडचा निरोप अख्ख्या चॅनेलचा असतो. तो म्हणतो, "या चॅनेलवरचे सगळे इतके वाका." दोन्ही वाद्यांना एकाच चॅनेलची प्रत जात होती, म्हणून दोन्ही वाकली. यावर उपाय म्हणजे पेटीच्या ट्रॅकवर, पेटीच्या वर, पिच बेंड अडवणारं एक छोटं मिडी फिल्टर बसवायचं. बांधाची तेवढी खांड बुजवायची. काही वाद्यांच्या सेटिंगमध्येच बेंडची मर्यादा शून्य करता येते, तेही चालतं.

हाच विचार पुढे नेला की आपली वाद्यं कॉम्प्युटरवर जिवंत होतात, म्हणून मी इथे थोडा थांबतो. खऱ्या पेटीत पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही, तो भात्याने होतो. म्हणून पेटीला १०० चा तो जोराचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. तिला हवा कंट्रोलर ११, म्हणजे एक्स्प्रेशन. (पेडल, बटणं यांच्या निरोपांना कंट्रोलर म्हणतात, आणि प्रत्येकाला नंबर असतो.) पायाखालच्या पेडलला किंवा कीबोर्डवरच्या एखाद्या सरकत्या बटणाला ११ नंबर दिला की तो तुमचा भाता होतो. ढोलकीचं उलट. तिथे जोराचा आकडाच सगळं काही, भाता नको. सस्टेनचं पेडल असतं कंट्रोलर ६४, ते पियानोला लागतं. तेच पेटीला गेलं तर सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. ठोकळ व्हॉल्यूम ७ नंबरवर असतो. म्हणजे वाद्याला निरोप पाठवायचा म्हणून सगळेच पाठवायचे नसतात. कोणत्या वाद्याचा जीव कशात आहे ते पाहून त्याला तेवढेच निरोप पोचू द्यायचे. मला राउटिंगमधला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण इथे तुमच्यातला वादक कामाला येतो.

एकाच वाद्यात दोन सूर वेगवेगळे वाकवायचे असतील तर? जुन्या भाषेत एक चॅनेल सगळे मिळून वाकतो, त्यामुळे प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल देण्याची एमपीई नावाची युक्ती निघाली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक सुराला स्वतःचं बेंड आहे. भजनाच्या कामाला मात्र सारंगीचा ट्रॅक वेगळा ठेवणं पुरेसं होतं.

काळी एकने केलेला घोटाळा

राउटिंगचा क्रम किती महत्त्वाचा ते मी स्वतः एका रेकॉर्डिंगच्या दिवशी शिकलो. गाण्याचा सगळा साज पांढरी एकमध्ये बसवून ठेवला होता. गाणारे बुवा आले आणि म्हणाले, "आज गळा बसला आहे, पण काळी एकमध्ये जमेल." साज अर्ध्या सुराने वर न्यायचा होता. घाईघाईत मी सूर एकने वाढवणारं प्लगइन सगळ्यात वरच्या ट्रॅकवर लावलं, जिथून त्या वेळी माझी सगळी वाद्यं निरोप घ्यायची. पेटी, तानपुरा, व्हायोलिन सगळं नीट काळी एकमध्ये आलं. आणि ठेका पार बिघडला. घुम्याच्या जागी लाकडावर काठी मारल्यासारखा टिक आवाज, बाकीचे ठोकेही भलत्या जागी.

तालवाद्यात पट्टीचा आकडा सूर सांगत नाही, कोणता ठोका ते सांगतो. जनरल मिडीत ३६ म्हणजे मोठ्या ड्रमचा घुमा, ३७ म्हणजे स्नेअरच्या कडेवर काठी, ३८ स्नेअर, ३९ टाळी, ४२ बंद हायहॅट. मी सगळ्यांत एक मिळवला होता, म्हणून ३६ चा ३७ झाला. सुरांच्या वाद्यांना वर चढवलं ते बरोबर, पण ठेकाही बरोबर चढला आणि दुसराच झाला. बुवा हातात टाळ घेऊन बसलेले, मंडळी थांबलेली, आणि मी एकेक प्लगइन बंद करून शोधत होतो. अर्धा तास गेला.

तेव्हापासून सुरांची वाद्यं आणि ठोक्यांची वाद्यं यांचे पाट मी उगमापासूनच वेगळे ठेवतो. सूर बदलणारं प्लगइन फक्त सुरांच्या पाटावर. कीबोर्डच्या अंगावर ट्रान्सपोजचं बटण असतं, त्याला स्टुडिओत हात लावत नाही. कारण त्याने बदललेला सूर तसाच रेकॉर्ड होतो आणि महिनाभराने फाइल उघडली की मूळ वादन कोणत्या पट्टीतलं होतं ते कळत नाही. रंगमंचावर वाजवताना ते बटण खुशाल वापरा. रेकॉर्डिंगमध्ये मूळ नोंद कोरी आणि बदल तिच्या खाली.

खंजिरी न वाजण्याचं कारणही हेच आकडे होते. चॅनेल जुळल्यावर ढोलकी वाजली, पण खंजिरीचा पॅड मुका. पॅड ४९ पाठवत होता, खंजिरीचं सॅम्पल बसवलेलं होतं ६० वर. इथे एक साधं साधन कामाला येतं, मिडी मॉनिटर. ते ट्रॅकवर लावलं की येणारा प्रत्येक निरोप आकड्यांत दिसतो. ते नसेल तर दोन सेकंद रेकॉर्ड करून मिडी एडिटर उघडा आणि नोट कोणत्या ओळीवर पडली ते बघा. मग एकतर पॅडमध्ये आकडा बदला, नाहीतर सॅम्पलरमध्ये खंजिरी ४९ वर सरकवा. मी सॅम्पलरमध्ये बदलायला सांगतो. ऑक्टोपॅड नाटकाच्या दौऱ्यावरही जातो, त्याच्या आतली मांडणी मोडू नये.

एकाच सॅम्पलरमध्ये सोळा चॅनेलवर सोळा वाद्यं भरता येतात, कॉन्टॅक्ट नावाच्या सॅम्पलरमध्ये तसं करतात. जमतं, पण शिकताना नको. प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक असला की काय कुठे जातंय ते डोळ्यांना दिसतं.

सॉफ्टवेअरच्या बाहेर

कधी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरला निरोप द्यायचा असतो. समजा तानपुरा वेगळ्या प्रोग्रॅममध्ये आहे. मॅकमध्ये त्यासाठी आयएसी ड्रायव्हर आधीपासून असतो, फक्त चालू करायचा. विंडोजवर बहुतेक जण लूपमिडी नावाचं छोटं फुकट साधन वापरतात. ते कॉम्प्युटरच्या आत एक खोटी केबल तयार करतं. एक प्रोग्रॅम तिच्यात निरोप टाकतो, दुसरा उचलतो.

मात्र इथे इनपुटला "सगळी मिडी उपकरणं" ठेवू नका. नाहीतर ज्या खोट्या केबलमध्ये तुम्ही निरोप टाकला, तीच तुमच्याच ट्रॅकला पुन्हा निरोप देते, तो पुन्हा केबलमध्ये जातो, पुन्हा येतो. एक सूर दाबला आणि हजार सुटले. सॉफ्टवेअर गोठतं.

सूर अडकून राहण्याचं कारण वेगळं. पट्टी दाबल्यावर "सुरू कर" आणि सोडल्यावर "बंद कर" असे दोन स्वतंत्र निरोप जातात. पट्टी दाबलेली असताना तुम्ही सेंड बदलला, चॅनेल बदलला किंवा केबल ओढली, तर "सुरू कर" एका वाद्याला मिळालेला असतो आणि "बंद कर" त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बासरी बिचारी वाट पाहत वाजत राहते. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळे सूर बंद करण्याची आज्ञा असते. ती कंट्रोलर १२३ चा निरोप पाठवते. ती कुठे आहे हे आधीच शोधून ठेवा आणि वाटा बदलताना हात पट्ट्यांवरून उचला.

केबलबद्दल दोन शब्द. जुन्या ऑक्टोपॅडला पाच पिनांची गोल केबल लागते आणि ती यूएसबीला जोडायला एक तयार केबल बाजारात मिळते. तिच्या एका टोकावर "इन" लिहिलेलं असतं. ते सहसा वाद्याच्या "आउट" मध्ये जातं, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते आत येणं आहे. स्वस्त केबलींवर उलटंही छापलेलं असतं, तेव्हा दिवा लागलाच नाही तर टोकं अदलाबदल करून पाहा. ही पाच पिनांची केबल जुनाट दिसते, पण गावाकडे तिचा मोठा आधार आहे. ठरावाप्रमाणे तिच्या घेणाऱ्या टोकाला ऑप्टोआयसोलेटर असतो. म्हणजे निरोप तिथे प्रकाशाच्या उड्डाणाने पलीकडे जातो, दोन यंत्रांच्या विजेची थेट गाठ पडत नाही. आपल्याकडे अर्थिंग अनेक घरांत नावालाच असतं आणि लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते. साध्या यूएसबीत ही अडवण नसते, तिथून गुणगुण वाद्याच्या ऑडिओत शिरू शकते. तसं झालं तर चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहा, म्हणजे दोष कुठला ते लगेच कळेल.

राहिला उशीर. काडी मारली आणि ठोका मागून आला, ही तक्रार आली की लोक मिडीला दोष देतात. पाच पिनांच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका सुराचे तीन आकडे जायला जेमतेम १ मिलिसेकंद लागतो. खरा उशीर होतो तो आवाज तयार करताना, म्हणजे ऑडिओच्या बफरमध्ये, जिथे आवाजाचे तुकडे साठून मग पुढे जातात. सेकंदाला ४४,१०० तुकड्यांच्या दराने बफर १०२४ तुकड्यांचा असेल तर किमान २३ मिलिसेकंद त्यातच जातात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे आठ मीटर जातो, म्हणजे ढोलकीवाला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसवून त्याच्याबरोबर गाण्यासारखं झालं. २५६ वर हाच आकडा ६ च्या खाली येतो. वाजवताना बफर कमी, मिक्सिंग करताना जास्त. कमी केल्यावर आवाज तडतडला तर लॅपटॉपला झेपत नाही असं समजून एक पायरी वर जायचं. विंडोजवर एसिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) लावल्याशिवाय मात्र हे काम सुरूच करू नये.

बाकी जुळणी झाली की सगळे ट्रॅक, सेंड, चॅनेल तसेच ठेवून रिकाम्या प्रोजेक्टचा टेम्प्लेट जतन करा, आणि गाणं पुरं झालं की प्रत्येक वाद्याचा ट्रॅक ऑडिओत उतरवून ठेवा. प्लगइन उद्या बदलेल, लॅपटॉप बदलेल. मिडीची नोंद आणि ऑडिओ दोन्ही पेनड्राइव्हवर असू द्या.

भाच्याने त्या रात्री मला एक फाइल पाठवली. पेटीवर मंडळातले काका, मागे सारंगी, आणि ४९ नंबरवर खंजिरी. मी माझ्या सॅम्पलरमध्ये उघडली तर पेटी माझ्याकडची वाजली, खंजिरी मात्र मुकी, कारण माझी खंजिरी अजून ६० वरच होती. मी ती ४९ वर सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.